एकशे सत्तावीस रेघांची चांदणी

शिपाई रामटेकेनं बाहेरून कडी घातली. किनखेडे सरांनी आतून त्याला मोठ्यानं बजावलं, की फोटो निघेपर्यंत दार उघडायचं नाही, प्रत्यक्ष कुलगुरू आले तरी नाही. दार उघडलं की उजेड शिरतो, पावलांनी टेबल हलतं, फोटो बिघडतो. मग त्यांनी दारावरचा काळा पडदा ओढला, कोट काढून खुर्चीला अडकवला आणि आम्हा तिघांकडे वळून म्हणाले, "चला. दाखवा आमची चांदणी."

त्या खोलीत सगळं होतं. मायक्रोस्कोप होता, त्याच्या डोक्यावर बसवलेला कॅमेरा होता, तेवीस नंबरची काच होती, आमच्या दोघींच्या वह्या होत्या. फक्त चांदणी नव्हती. हे मला पक्कं माहीत होतं, कारण ती मीच बनवली होती.

आमच्या घरात आता नियमच आहे, आजीनं सांगितलेला आकडा चारानं भागायचा. लग्नाला आठशे पान उठलं म्हटलं की नातवंडं दोनशे धरतात. त्यांना मी असंही सांगून ठेवलंय, की त्या काचा ज्या फुग्यानं आभाळात नेल्या त्या फुग्यात मीही बसले होते आणि वरून मला ताडोबाचे वाघ मांजरीएवढे दिसले. ते खोटं आहे. पण आता जे सांगून राहिले, ते भागू नका.

साल बहात्तर. मी बावीस वर्षांची, मंदा गायधनी, विद्यापीठात स्कॅनर. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, विदर्भातलं होतं एवढं धरा. स्कॅनर म्हणजे आता कागदाचं मशीन असतं, तेव्हा आम्ही पोरी असायचो. काचेवर जिलेटिनचा जाड थर, फोटोच्या फिल्मसारखा. तशा काचा पेटीत भरून फुग्याला बांधायच्या आणि वीस मैल वर सोडायच्या. तिथं अवकाशातून एखादं जड अणुकेंद्रक भयंकर वेगात येतं, थरातल्या दुसऱ्या केंद्रकावर आदळतं, आणि टक्कर होते तिथून चहूकडे रेघा फुटतात. काच खाली आणून धुतली की मायक्रोस्कोपखाली त्या दिसतात. जाड काळ्या रेघा म्हणजे फुटलेल्या केंद्रकाचे तुकडे. बारीक, अगदी पुसट रेघा म्हणजे नवे कण. टकरीच्या आधी ते कुठंच नव्हते, टकरीच्या जोरातूनच जन्मले. हे सगळं एका ठिकाणाहून फुटलेलं, म्हणून आम्ही त्याला चांदणी म्हणायचो. आमचं काम चांदणी हुडकायची, जागा लिहायची, रेघा मोजायच्या.

थराला खोली असते, आणि रेघ त्यात तिरकी उतरते. म्हणून डोळा वर आणि उजव्या हाताची दोन बोटं सतत फोकसच्या चाकावर. पुढे, मागे, पुढे, मागे. इतकी सवय, की मी जेवताना वाटीची कड फिरवत बसायची आणि आई हातावर चापट द्यायची.

एकेक काच दोन पोरींनी पाहायची, दुसरीची वही न बघता. मग दोन्ही वह्या जुळवायच्या. हिला दिसलेल्या तिला किती दिसल्या, त्यावरून दोघींच्याही नजरेतून किती निसटल्या असतील याचा अंदाज निघतो. माझी जोडीदारीण यमुना हिंगवे. यमू. तीन वर्षं आम्ही शेजारी बसलो. स्वभावानं गाय. वही अशी नाकाला लावून वाचायची, की मी म्हणायची, वाचते का वास घेते गं. ती हसायची. संध्याकाळी पायऱ्या उतरताना माझा दंड घट्ट धरायची. आमच्या वह्या शंभरात अठ्ठ्याण्णव जुळायच्या. सर पाहुण्यांना सांगायचे, अशी जोडी दिल्लीतही नाही.

आणि तिसरे बोकारे. दिवाकर बोकारे, पीएचडीचं पाचवं वर्ष, खिशाला कायम शाईचा डाग. आम्ही मोजलेल्या रेघा त्यांच्या गणितात जायच्या. मॉडेल म्हणायचे ते त्याला. मी एकदा विचारलं, तुम्ही नेमकं करता काय. ते म्हणाले, समजा संत्र्यांनी भरलेल्या दोन बैलगाड्या समोरासमोर आदळल्या. काठानं घासल्या तर चार संत्री फुटतील, मधोमध आदळल्या तर सगळीच. कशी टक्कर झाली की किती संत्री फुटणार आणि एकेका संत्र्यातून किती बिया उडणार, ते मी आधीच सांगतो. बिया म्हणजे नवे कण, आमच्या बारीक रेघा. त्यांचं गणित म्हणत होतं, अगदी मधोमध टक्कर झाली तर शंभराच्या वर बारीक रेघा निघतील. आमची तीन वर्षांतली सगळ्यात मोठी चांदणी चौसष्टची. किनखेडे सर म्हणायचे, बोकारे, तुमचं मॉडेल बैलगाड्यांना लागू आहे. आणि जूनमध्ये त्यांची शिष्यवृत्ती संपत होती.

रोज संध्याकाळी ते आमच्या दारात येऊन एकच शब्द विचारायचे, "आज?" मी म्हणायची, आज चारशेची दिसली होती पण मी शिंकले तशी उडाली. ते अर्धं हसून निघून जायचे. त्या अर्ध्या हसण्यानं मला कसंतरी व्हायचं.

शिमग्याच्या आधीचा शुक्रवार. मी वहीत लिहिलं, काच तेवीस, आडवं एकेचाळीस पूर्णांक दोन, उभं सतरा पूर्णांक सहा, बारीक रेघा एकशे सत्तावीस. बेत असा, की सोमवारी बोकारे वही बघतील, धावत येतील, मायक्रोस्कोपला डोळा लावतील, आणि मी मागून गुलाल टाकीन. बस, एवढंच.

पण शनिवारी त्यांना अचानक मुंबईला जावं लागलं. तिथल्या मोठ्या कंप्युटरवर त्यांचा नंबर आठ दिवस अलीकडे आला. इकडे सरांनी वह्या तपासायला नेल्या, आणि माझ्या वहीतली चांदणी त्यांना यमूच्या वहीतही सापडली. तीच जागा, तोच आकडा. दोघींना वेगवेगळी दिसली म्हणजे शंकाच नाही. सरांनी मुंबईला तार केली.

मी चोरून काच लावून पाहिली. यमूलाही दिसली म्हणते, म्हणजे असेलही बाप्पा, असं मलाच वाटायला लागलं होतं. काहीच नव्हतं तिथं. मग मला वाटलं, ही गाय पण माझ्या सोंगात सामील झाली. मी तिला डोळा मारला. तिनं काही उत्तर दिलं नाही.

तेव्हाच सांगायचं. पण चहाच्या वेळी सर सगळ्या विभागासमोर माझं नाव घेऊन गेले. जन्मात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर कोणी पहिल्या झटक्यात विश्वास ठेवला होता. मी म्हटलं, उद्या सांगीन. उद्याचं परवा झालं. बोकारे आले ते पेढे घेऊनच. एकशे सत्तावीस धरून त्यांनी एक स्थिरांक थोडा वर सरकवला होता आणि सगळं बसत होतं. शोधनिबंध टाइप करून तयार, चारच्या टपालानं पाठवायचा. राहिला होता फक्त चांदणीचा फोटो.

म्हणून ती कडी.

अकरा वाजता बोकारे मायक्रोस्कोपला बसले. बाहेर मार्चचं ऊन मी म्हणत होतं, आत थंडगार, कारण जिलेटिनला गारवा आणि कोरडेपणा लागतो. विभागातली तेवढीच एक थंड खोली. इतर दिवशी तिथं बसायला मिळतं म्हणून बाकीचे आमच्यावर जळायचे. त्या दिवशी मला तिथं घाम फुटला होता. खिडकी नाही. भिंती काळ्या रंगवलेल्या. दिव्याचा एक पिवळा ठिपका, चार माणसं, आणि बोकारेंच्या बोटांखाली फिरणारं ते चाक.

पाच मिनिटांनी ते म्हणाले, इथं काही दिसत नाही. सर म्हणाले, नीट पाहा. बोकारेंनी आजूबाजूला पाहिलं. मग आणखी बाजूला. मी बोलायला लागले. थापाड्या माणसाला गप्प बसता येत नाही हा त्याचा मोठा दोष. मी म्हटलं, दमट हवेनं थर फुगतो, जागा सरकते. हे खरं आहे, म्हणून चाललं. मग म्हटलं, रामटेकेनं फडकं मारताना काच उलटी ठेवली असेल. बोकारेंनी काच उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. बारा वाजून गेले. सर म्हणाले, दोन पोरींना दिसते आणि तुम्हाला दिसत नाही, तर चष्म्याचा नंबर बदला. बोकारे हसले नाहीत. त्यांनी रुमालानं डोळे पुसले आणि पुन्हा वाकले. त्यांची मान मला मागून दिसत होती. कॉलरीवर घामाची रेघ.

मी दाराकडे पाहिलं. पाणी पिऊन येते म्हटलं तर कडी बाहेरून. हाक मारावी तर कशासाठी मारावी?

साडेबाराला सर म्हणाले, आता बोकारे उठा, ज्यांना दिसली त्यांनी शोधा. मी बसले. मला काय करायचं ते सुचेना, म्हणून मी वेळ काढायला फोकसचं चाक सबंध मागे फिरवलं. नळी वर आली. आता त्यात नुसतं दूध दिसत होतं, पांढरं, सपाट. अशात माणसाला हत्तीही दिसला नसता. वाटलं, पुन्हा फोकस जमवायला दहा मिनिटं जातील, तोवर देव काहीतरी करील.

पण सर म्हणाले, तुम्ही राहू द्या, मिस हिंगवेंना बसवा, त्या शांतपणे काम करतात.

यमू माझ्या जागी बसली. तिनं डोळा लावला. मी तिच्या अगदी खांद्याशी उभी होते, मनात म्हणत होते, आता ही चाक फिरवेल, फोकस जमवेल आणि म्हणेल, नाही दिसत. किंवा सोंग चालवेल. तिचा उजवा हात मांडीवर होता. तो तिथंच राहिला. चाकाकडे गेलाच नाही. जिला दिसतं तिचा हात आपोआप जातो. तिचा गेला नाही, कारण तिच्या डोळ्यांना आत काय आहे याचा फरकच पडत नव्हता.

ती त्या दुधात बघत म्हणाली, "ही काय सर. इथंच आहे की. जागची हलली नाही."

तेव्हा मला एकदम सगळं समजलं. नाकाला लावलेली वही. दंडावरचा हात. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव. आमच्या सगळ्या खणांना एकच किल्ली लागायची, आणि सकाळी यमू माझ्या आधी यायची. ती सोंगात नव्हती. तिनं माझी वही उतरवली होती, नेहमीसारखी. बोकारेंचं सबंध मॉडेल दोन जोडी डोळ्यांवर उभं होतं. खरी जोडी एकच होती, आणि ती माझी होती.

सर आनंदानं पुढे आले, कॅमेरा लावा म्हणाले. बोकारे कॅमेऱ्याकडे वळले. यमू अजून डोळा लावूनच बसली होती. तिच्या कानाची पाळी थरथरत होती, एवढ्या जवळून मला दिसत होती. तिच्या घरी तिच्या नोकरीवर चार माणसं जेवत होती. त्या पोरीला दिसत नाही, हे त्या खोलीत उच्चारलं की संपलं.

आणि नाही उच्चारलं, तर चारचं टपाल. बोकारेंच्या नावानं माझी थाप जगभर जाणार, आणि कधीतरी कोणी विचारणार, कुठंय तुमची चांदणी.

मी म्हटलं, "सर, ती चांदणी नाही. मी रचली."

सर म्हणाले, "मिस हिंगवेंना आत्ता दिसली."

"त्या माझ्यासाठी बोलून राहिल्या सर. मी सांगितलं होतं त्यांना तसं म्हणायला. त्यांच्या वहीत पण मीच लिहिली. आणि ही एकच नाही. दिवाळीपासून मी त्यांच्या वहीत लिहीत आले. माझ्या आकड्यांशी त्यांचे जुळावे म्हणून. सगळ्या काचा पुन्हा पाहाव्या लागतील."

ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप. त्यात एक वाक्य खरं होतं, शेवटचं.

यमूनं डोळा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझा आवाज होता त्या बाजूला.

किनखेडे सर मूर्ख नव्हते. त्यांनी यमूची वही उघडून दिव्याखाली धरली. म्हणाले, हे अक्षर मिस हिंगवेंचं आहे. मी म्हटलं, मला कोणाचंही अक्षर काढता येतं, शाळेत वडिलांची सही मीच करायची. सरांनी पेनाचं टोपण काढलं, कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "काढा."

यमूचं अक्षर मोठं, उजवीकडे झोपलेलं, एकमेकांच्या अंगावर चढलेलं. मी लिहिलं, एकशे सत्तावीस. आठ तर अजिबात जमला नाही, खाली मी तारीख पण लिहिली होती. शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं.

सरांनी कागद बोकारेंकडे दिला. "तुम्ही तीन वर्षं हे अक्षर वाचता. सांगा."

बोकारेंनी कागद वहीशेजारी ठेवला. मग त्यांनी वाकून मायक्रोस्कोपला डोळा लावला. क्षणभरच. चाकाला हात न लावता. नळी कुठं आहे आणि आत नुसतं दूध आहे, हे त्यांनी पाहिलं. मग सरळ होऊन यमूकडे पाहिलं, तिच्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. हा माणूस कधी खोटं बोलत नसे. चार्टावर एक ठिपका रेघेबाहेर पडला तरी त्याला झोप लागत नसे. त्यानं हो म्हटलं तर त्याची अडीच-तीन वर्षं पाण्यात, जूनच्या आत डॉक्टरेट गेली. नाही म्हटलं तरी ती गेलीच होती. फरक एवढाच, की मग यमूही गेली असती.

ते म्हणाले, "तेच अक्षर आहे, सर."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. मला म्हणाले, उद्यापासून येऊ नका. एवढं शांतपणे म्हणाले, की ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी पडदा सारला आणि दार वाजवलं.

दार उघडलं नाही. रामटेके जेवायला गेला होता. कडी लावली आहे, कुलगुरूंसाठी पण उघडायची नाही, मग इथं बसून काय करायचं, असा त्याचा साधा विचार.

त्यानंतरची चाळीस मिनिटं आम्ही चौघं तिथं होतो. सर दाराकडे तोंड करून उभे. त्यांनी कोट घातला, पुन्हा काढला. बोकारेंनी दोन्ही वह्या घेतल्या आणि एकेक पान समोरासमोर ठेवून वाचायला सुरुवात केली. पान उलटल्याचा आवाज यायचा, थांबायचा. मला कळत होतं ते काय वाचून राहिले. मी जिथं चुकून आठाचा तीन केला होता, तिथं यमूचाही तीन होता. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर न करता विचारलं, "दिवाळीपासूनच ना?" मी यमूकडे पाहिलं. यमूनं मान हलवली, त्याच्याही आधीपासून. मी म्हटलं, "मागच्या दिवाळीच्या आधीपासून." ते म्हणाले, "बरं." आणि वहीच्या कोपऱ्यात तारीख लिहिली.

रामटेके पान खाऊन आला, कडी काढली आणि आमचे चेहरे बघून विचारलं, फोटो चांगला आला का जी.

सगळ्या काचा पुन्हा पाहायला दोन नव्या पोरी ठेवल्या. दीड वर्ष लागलं. सगळ्यात मोठी चांदणी एकाहत्तरची निघाली. बोकारेंनी स्थिरांक खाली आणला, बैलगाड्यांचं गणित पुन्हा मांडलं आणि दोन वर्षं उशिरा डॉक्टर झाले. यमूला त्यांनी सरांना सांगून काचा धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत घेतलं. तिथं सगळं हातानं चाचपून करायचं असतं, डोळस माणसं धडपडतात. यमूसारखं काम तिथं कोणाचंच नव्हतं म्हणतात. निवृत्त झाली तिथूनच. हे सगळं मला नंतर कळलं.

त्या दिवशी मी माझा डबा घेतला आणि बाहेर आले. ऊन डोळ्यांत गेलं. यमू माझ्यामागे आली होती. व्हरांड्यात थांबली. मला वाटलं, रडेल, नाहीतर चिडेल, कोणी सांगितलं होतं तुला म्हणेल.

तिनं विचारलं, "मंदे, खरंच नव्हती ती?"

"नव्हती."

"एवढीशी पण नाही?"

"काहीच नव्हतं गं तिथं."

ती म्हणाली, "मी त्या जागी डोळा लावला होता. मला कुठं काय दिसतं. पण तू लिहिलं होतंस ना. म्हटलं, मंदाला दिसली म्हणजे आहेच. रोज जाऊन बघायची मी तिला."

मला सगळं गाव थापाडी म्हणायचं. आजही म्हणतं.

पायऱ्या आल्या तसा तिनं माझा दंड धरला. तीन वर्षं मी समजत होते, प्रेमानं धरते. मी थांबले, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मोजायला लागले, तिला ऐकू येईल असं. एक. दोन. तीन. पायऱ्या अकरा होत्या. मी अकराच सांगितल्या.